जाळायच्या ट्रेमधली तीन वांगी

माझी आई वांगी विकते, आणि मी वांग्याला अळी लागू नये म्हणून त्याच्या बियाण्यात ढवळाढवळ करते. एका घरात असे दोन उद्योग असले की भांडायला वेगळं निमित्त लागत नाही. त्यातून आम्ही दोघी तापट. माझा राग फटकन चढतो, फटकन उतरतो. आईचा चढतो सावकाश, पण एकदा चढला की पुढच्या एकादशीपर्यंत मुक्काम ठोकतो.

आम्ही मूळचे खानदेशातले, पण माझा जन्म सुरतचाच, उधन्याचा. वडील कापडाच्या मागावर कामाला होते. ते गेल्यावर आईने भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, काढली, ती आजतागायत चालू आहे. पहाटे पर्वत पाटियाकडच्या घाऊक बाजारातून माल आणायचा आणि दुपारपर्यंत गल्लोगल्ली विकायचा. गुजराती बायका तिला माशी म्हणतात, आपल्याकडच्या मावशी म्हणतात, आणि ती सगळ्यांशी सारख्याच तोऱ्यात बोलते. घरात ती अहिराणी बोलते. ती मी इथे बरीचशी पुसून लिहितेय, नाहीतर वाचणाऱ्याची दमछाक व्हायची.

लारीवरच्या बाकी सगळ्या भाज्या आईच्या लेकी, पण वांगं म्हणजे सवत. कारण आतली अळी. ही अळी मोठी पाताळयंत्री. फळ कोवळं असतानाच बारीक छिद्र पाडून आत शिरते आणि ते छिद्र पुढे बुजून जातं. वांगं बाहेरून चकचकीत, आत नुसता भुगा. गिऱ्हाईक घरी जाऊन चिरतं आणि अर्ध्या तासात परत. "माशी, आमां तो इयळ नीकळी!" वांग्याची दोन शकलं आईच्या नाकासमोर, आणि मधोमध ती बया वळवळतेय. आई म्हणायची, "मग मी काय आत शिरून बघून आले होते?" असं म्हणत म्हणतच दुसरं वांगं काढून द्यायची.

त्या दिवशी घरी माझं काही खरं नसायचं. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, आमच्याकडे वांग्याचं तेल माझ्यावर. "एवढी कॉलेजात जाते, एका अळीचं काही करता येत नाही का तुमच्या पुस्तकाला?" कुणी विचारलं तर मी सांगते की मला पहिल्यापासून जीवशास्त्राची आवड होती. साफ खोटं. मी ह्या टोमण्यापायी ह्या लाइनीत आले.

टोमण्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती आई बोलायची नाही. अळी मरावी म्हणून शेतकरी वांग्यावर औषध फवारतात, कधी कधी तोडणीच्या आदल्या दिवशीसुद्धा. त्या वांग्यांच्या गोण्या आई हाताने उपसायची, एकेक निवडायची. संध्याकाळी तिचे तळहात लाल व्हायचे, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची. खोबरेल तेल चोळत बसायची आणि विचारलं की म्हणायची, "मिरच्या निवडल्या." लारीवर मिरच्या नसलेल्या दिवशीही मिरच्याच. मला ते हात बघवायचे नाहीत. माझ्या सगळ्या शिक्षणामागे ते दोन हात आहेत हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "चल, नाटकं नको करू."

शिकून मी इच्छापोरच्या पुढे, हजिरा रोडपासून आत असलेल्या एका बियाण्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथे आमचं नेटहाउस आहे. बारीक जाळीचं, दोन दारांचं. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मातीत राहणारा एक जीवाणू असं प्रथिन बनवतो, की ते अळीच्या पोटात गेलं की तिची आतडी कामातून जातात. ते प्रथिन बनवायचा जीन आम्ही वांग्याच्या पेशीत बसवतो, त्या पेशीचं रोप करतो, आणि मग झाड स्वतःच ते बनवायला लागतं. अळीने दोन घास घेतले की तिचा कारभार आटोपला. निदान ह्या अळीसाठी तरी फवारा नको.

हे मी आईला पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती लसूण सोलत होती.

"म्हणजे झाडच विष करतं?"

"विष नाही गं. आपल्या पोटात त्याचं काही होत नाही."

"अळी मरते ना? मग विषच."

"अगं, चॉकलेट कुत्र्याला बाधतं, आपल्याला बाधतं का?"

"कुत्र्याला चॉकलेट कोण देतंय?"

मी कपाळाला हात लावला. पुढे ती म्हणाली, "कपाशीतबी असंच आणलं होतं. बोंडअळी मेली म्हणून गाव नाचलं, मग गुलाबी अळी आली ती आलीच." खरं होतं ते. अळीसुद्धा शिकते. म्हणून तर आम्ही एकाऐवजी दोन जीन बसवून बघत होतो. एक पचवायला शिकली तरी दुसरा तिला गाठेल, असा हिशोब. आईने विचारलं, हे वांगं बाजारात कधी येईल. मी म्हटलं, परवानगी मिळाली की. खायच्या वांग्याला तशी परवानगी आपल्या देशात अजून नाही, आणि ती कधी मिळेल हे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनाही सांगता येत नाही.

तोवर नियम एकच. नेटहाउसमधून काही बाहेर जायचं नाही. फळ नाही, पान नाही, बुटाच्या तळाला चिकटलेलं बीसुद्धा नाही. तोडलेलं प्रत्येक वांगं मोजायचं, तोलायचं, तपासायचं, आणि काम झालं की ट्रेमध्ये टाकून ट्रे भट्टीत रिकामा करायचा. किती तोडली त्याची एक वही, किती जाळली त्याची दुसरी. दोन्ही वह्यांवर माझी सही.

आणि ह्या सगळ्यात आमचा खंडोबा आला.

आषाढीपासून आमच्या घरी वांगं वर्ज्य. आई चातुर्मासभर वांगी विकते, पण जिभेला लावत नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच खायला सुरुवात करायची. देवाच्या भरताला वांगं हवं बिनकिडीचं. त्या वर्षी बाजारातला माल इतका किडका, की आईने चार गोण्या पालथ्या घातल्या तरी दोन धड वांगी मिळेनात. आदल्या दिवशी ती देव्हाऱ्यासमोर उभी राहून देवालाच दम देत होती, "तुला हवं तर तूच बघ बाबा काय ते."

नेमकी चंपाषष्ठीला आमची तोडणी होती. घाईत मी डबा घरीच विसरले. अकराच्या सुमाराला वॉचमन सांगत आला, "तुम्हारी मम्मी आई हैं." लारी शेजारणीकडे सोपवून, दोन रिक्षा बदलून आई डबा घेऊन हजर. बाहेरच्या माणसाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही असा नियम. पण ती दमली होती, मला दया आली. म्हटलं, बाहेरच्या खोलीत बस पाच मिनिटं. त्या खोलीतल्या टेबलावर जाळायचा ट्रे होता.

आईने एक वांगं उचललं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, आमच्या खानदेशी भरताच्या जातीचं. उलटंपालटं केलं, देठाखाली बघितलं, नाकाला लावलं. इतक्या वर्षांत मी तिला वांग्याकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

"एकदाबी फवारलं नाही?"

"एकदाही नाही."

"आता ह्यांचं काय करणार?"

"जाळायची."

"सगळी?"

"सगळी. आणि आई, हात लावू नकोस."

हे मी जरा तोडूनच बोलले. आतून मॅडमनी हाक मारली म्हणून गेले. परत आले तर आई पिशवी खांद्याला लावून उभी. "निघते मी. नैवेद्य राहिलाय." मी ट्रे उचलला, भट्टीत रिकामा केला, आणि सकाळी मोजलेला आकडाच जाळल्याच्या वहीत उतरवून खाली सही ठोकली. पुन्हा मोजायला हवी होती. मोजली नाही.

संध्याकाळी घरी आले तर जिन्यातच भाजल्या वांग्याचा वास. गच्चीवर शेगडीत भाजीच्या फुटक्या पेट्यांचं लाकूड घालून आईने वांगी भाजली होती. बडगी नावाच्या लाकडी भांड्यात मिरची-लसूण घालून ठेचलेलं भरीत, वरून शेंगदाणे, कांद्याची पात. देवाचा नैवेद्य झाला होता, तिच्या कपाळावर भंडारा होता. मी हातपाय जेमतेम धुऊन बसले आणि दोन भाकऱ्या कधी गेल्या कळलं नाही.

"आई, काय भरीत झालंय! कुठे मिळालं गं असं वांगं?"

"ओळख."

"नवसारीचं?"

"नही."

"मग गावाकडून कुणी आणलं?"

"नही व माय." ती हसत होती, लाजल्यासारखी. "तुन्हं शे."

तुझंच आहे. घास माझ्या तोंडात तसाच राहिला. गिळावा की थुंकावा हेही सुचेना. शेवटी गिळला.

"किती घेतलीस?"

"तीन. दोन भरताला, एक बियाला."

बियाला! अहो, दुसरं कुणीही असतं तर चांगली हिरवी वांगी उचलून गेलं असतं. पण ही शेतकऱ्याची लेक. ट्रेच्या कोपऱ्यात एक जून होऊन पिवळं पडलेलं वांगं होतं. लारीवर त्याला कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. आईने बरोबर तेच हेरलं, कारण पिकल्या फळातलंच बी उगवतं. घरी येऊन तिने ते पाण्यात कुस्करलं. पोचट बी वर तरंगलं, ते पाण्याबरोबर मोरीत गेलं. तळाशी बसलेलं भरदार बी राखेत घोळून तिने ताटात वाळत घातलं होतं.

माझं धाबं दणाणलं. न तपासलेलं, परवानगी नसलेलं बियाणं बाहेर गेलं होतं, आणि सगळं जाळल्याच्या वहीवर सही माझी. हे उघडकीला आलं तर प्रयोगाला टाळं, आणि माझी नोकरी तर गेलीच. मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

"जाळायचं ते देवाला दिलं, काय बिघडलं?" आई म्हणाली.

"ते खाऊन काही होत नाही हे अजून कागदावर सिद्ध व्हायचंय!"

"मग तूबी खाल्लंस ना?"

खरंच की. पुढचे तीन दिवस मी तिच्या अंगावर पित्त उठतं का बघत होते आणि ती माझ्या.

त्याच रात्री मी म्हटलं, बी दे. तर ती ताट मांडीवर घेऊन, त्यावर पदर ओढून बसली. "नाही देत. गच्चीवर डब्यात लावीन. कुणाला सांगणार नाही."

"आई, माझी नोकरी जाईल."

"आणि तुझा कागद होईपर्यंत मी राहणार आहे का? मला एकदा, फक्त एकदा, असं वांगं माझ्या लारीवर मांडायचंय." तिने ताट आणखी जवळ ओढलं. "तुला काय माहीत, दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं म्हणजे काय असतं ते."

तेव्हा मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, "तुला माझ्या कामातलं काही कळत नाही. कधीच कळलं नाही." आई ताटाकडे बघत राहिली. मी उठले आणि उरलेलं भरीत झाकून ठेवलं.

सकाळी मी उठले तेव्हा ती लुगडं नेसून तयार होती. एका फडक्यात राखेसकट सगळं बी बांधलेलं. एका पिशवीत केराच्या डब्यातून वेचून काढलेली सालं आणि देठ. "चल," म्हणाली. "तुझ्या मॅडमला मीच सांगते."

खरं सांगते, माझ्या मनात आलं होतं की गप्प बसावं. दोन्ही वह्या जुळत होत्या. बी मी गुपचूप नेऊन भट्टीत टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मोरीतलं बी कोण आणणार परत? आम्ही गेलो.

मॅडम ओरडल्या नाहीत, त्यामुळेच मी जास्त घाबरले. त्या दिवशी दुपारी हातमोजे घातलेली दोन माणसं आमच्या घरी आली. मोरीत उकळतं पाणी ओतलं, बाहेरची गटार खरवडली, एखादं बी पडलं असेल म्हणून गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीतली माती भरून नेली. सगळी गल्ली गोळा झाली. शेजारणीने विचारलं, "मावशी, मोरीत सोनं पडलं का हो?" आई म्हणाली, "वांगं पडलं." इकडे नेटहाउसमध्ये, ज्या वाफ्यातली ती तीन वांगी होती त्या वाफ्यातली सगळी झाडं उपटून जाळायचा हुकूम आला. मीच उपटली. काहींना अजून फुलं होती.

आठवड्याने चौकशी बसली. मुख्य कचेरीतून आलेले दोन साहेब आणि मॅडम. मी आणि आई टेबलाच्या अलीकडे. त्यांचा संशय माझ्यावर होता, आणि तो रास्त होता. साधी बाई भरताची वांगी नेईल. पिवळं, जून वांगं कशाला नेईल? कुणीतरी शिकवल्याशिवाय? म्हणजे लेकीनेच आईला बोलावलं आणि बियाणं बाहेर काढलं. त्यातल्या मोठ्या साहेबांनी आईला विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून नेलं?

आई त्यांच्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. आणि तिने अहिराणीतच सुरू केलं. "कुणी सांगितलं नाही. बी कसं धरायचं हे मला माझ्या मायने शिकवलं. पोरगी घरी येऊन सांगते, अळी मरते, जीन का काय ते. माले काही समजे ना. मी म्हणायची, असेल काहीतरी कागदाचं काम. त्या दिवशी ते वांगं हातात घेतलं. म्हटलं, हे माझ्या पोरीने केलं. आणि आता हे जाळून टाकणार, कुणी चाखणारसुद्धा नाही. म्हणून नेलं. खाल्लं, तेव्हा समजलं ती काय करते ते."

साहेब माझ्याकडे वळले. "शुं कहे छे?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम लहानपणी उधन्यातच, आमच्या खानदेशी लोकांत वाढलेल्या, त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी एकेक वाक्य गुजरातीत सांगितलं. सांगताना मध्ये एकदा पाणी प्यायल्या.

मग साहेब कागदावर लिहू लागले आणि लिहिता लिहिता वाचू लागले. त्यात शब्द आला, चोरी. चोरी करून नेली.

"साहेब, चोरी नका लिहू," मी म्हटलं. "चुकून नेली असं लिहा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला समजावलं. हे प्रकरण पोलिसात जाणार नाही, कागद आतच राहील. पण चुकून लिहिलं तर वरून विचारणार, ट्रे कुणाच्या ताब्यात होता? नेऊ कुणी दिलं? मग सगळं तुमच्यावर येतं आणि तुम्हाला इथून जावं लागतं. चोरी लिहिलं तर तुमच्या नकळत झालं असा अर्थ होतो. आईला आत बसवलं, न मोजता सही केली म्हणून ताकीद मिळेल, तेवढंच.

माझी आई. गिऱ्हाईक सुटे पैसे विसरलं तर लारी सोडून त्याच्या मागे धावणारी बाई. तिच्या नावापुढे हा शब्द कायमचा कागदावर राहणार होता. माझा राग फटकन चढला. "मग माझ्यावर येऊ दे," मी म्हटलं. "मी जाते नोकरी सोडून. चुकून लिहा."

"तू गप बस." आई इतकी वर्षं रस्त्यावर गुजराती ऐकतेय, तिला माझ्याआधी सगळं कळलं होतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, चांगला दाबून, मी लहानपणी देवळात चुळबुळ केली की ठेवायची तसा. आणि साहेबांना त्यांच्या गुजरातीत म्हणाली, "चोरीच लिहा साहेब. आणि खाली लिहा, पोरीला माहीत नव्हतं. ते जरा मोठ्या अक्षरात लिहा."

साहेबांनी लिहिलं. आईने कागद जवळ ओढला, पेन मुठीत धरलं आणि सही केली. प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येकाला पुरता वेळ देऊन. मी बघत होते, आणि मला तिचा हात धरून थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. ती नोकरी मला हवी होती.

सही झाल्यावर तिने पेनाला टोपण लावलं, पेन साहेबांच्या हातात परत दिलं आणि विचारलं, "आता ही उद्या कामावर यायची ना?"

"हा माशी, आवशे."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि पदर सारखा करत उठली.